लाँसचा रेसिंग क्लब: खाणी बंद पडल्या, क्लब कसा टिकला?

डिचोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. फ्रान्सच्या उत्तर भागातील लाँस या शहराच्या रेसिंग क्लब या फुटबॉल संघाविषयी मला सविस्तर माहिती हवी आहे. २०२२-२३च्या हंगामात फ्रान्सच्या साखळी स्पर्धेत हा क्लब विजेत्या पॅरिस सँ-जेर्मेनच्या अवघा एक गुण मागे राहिला, तेव्हापासून मी त्यांचे सामने जमेल तसे पाहत आलो आहे. समालोचक दर सामन्यात 'खाणकामगारांचा क्लब' एवढे म्हणतात आणि पुढे जातात. त्यामागे नेमके काय आहे, हे कोणी उलगडून सांगत नाही. शहराची वस्ती सुमारे ३२ हजार आणि मैदानाची क्षमता सुमारे ३८ हजार, म्हणजे सगळे शहर येऊन बसले तरी खुर्च्या उरतील, आणि तरीही ते मैदान भरते, हे मला विशेष वाटते.

विचारण्यामागे आपल्याकडचेही कारण आहे. गोव्यातील डिचोली, साखळी, सांगे, कुडचडे या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला खाण आणि फुटबॉल ही जोडी नवी नाही. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावे आपण खाणींच्या फलकांवरही वाचली आणि खेळाडूंच्या जर्सीवरही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे त्या काही काळ सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद झाल्या. मधल्या काळात, २०१६ मध्ये, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा हे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेतून बाहेर पडले. लाँसच्या परिसरात तर कोळसा कायमचाच बंद झाला. त्या खोऱ्यातील शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. मग तो क्लब कसा राहिला? तो कोणी काढला, कंपनीकडे कसा गेला, त्यात कोण कोण खेळले आणि कंपनीने हात काढून घेतल्यावर त्याला कोणी सांभाळले, हे जाणकारांनी सांगावे. गुणतक्ते मला कुठेही मिळतील; हे सगळे घडले कसे, ते समजून घ्यायचे आहे.

फातोर्ड्याचा प्रेक्षक यांचे उत्तर

डिचोलीकर बाब, आपल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती आधी बाजूला करतो. हा क्लब खाण कंपनीने काढलेला नाही. १९०६ मध्ये शहरातील काही तरुण विद्यार्थ्यांनी तो सुरू केला आणि ज्या मोकळ्या चौकात ते खेळत, त्याचे नावच 'हिरवा चौक' होते. पहिली जर्सी हिरवी-काळी होती. हिरवा रंग त्या चौकाचा आणि काळा कोळशाचा, असा तिचा अर्थ लावला जातो. त्याच वर्षी, १० मार्च १९०६ रोजी, शहराला लागून असलेल्या कुर्रिएर कंपनीच्या खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे मेली. युरोपातील ती सर्वांत मोठी खाण दुर्घटना मानली जाते. क्लबच्या जन्माचा तिच्याशी थेट संबंध नाही, पण ज्या शहरात ही मुले चेंडू खेळत होती, त्या शहरात त्या वर्षी कसले वातावरण असेल, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही.

पहिल्या महायुद्धात लाँस चार वर्षे जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. युद्ध संपले तेव्हा शहर जवळजवळ जमीनदोस्त झालेले होते आणि खाणींचे शाफ्ट पाण्याने भरून टाकलेले होते. सगळे नव्याने उभारायचे होते, आणि क्लबही त्यातलाच एक. आज जे रंग आपण पाहतो, ते लाल आणि सोनेरी, 'रक्त आणि सोने' या नावाने ओळखले जाणारे, १९२४च्या सुमारास आले. तेव्हाचे अध्यक्ष पिएर मोग्लिया पडक्या सँ-लेजे चर्चपुढून जात असताना, शहरावरच्या जुन्या स्पॅनिश अमलाची एवढीच खूण उरली आहे असे कोणी तरी म्हणाले आणि त्यांनी स्पेनच्या ध्वजाचे रंग घेतले, अशी कथा आहे. सतराव्या शतकापर्यंत तो मुलूख स्पेनच्या राजाकडे होता हे खरेच आहे. बाकीची कथा मी कथा म्हणूनच सांगतो. सांगणाऱ्यांनी तिला बरीच घडी पाडली असावी.

आता कंपनी. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या लाँस खाण कंपनीकडे त्या शहरात काय नव्हते, तेच विचारावे. कामगारांच्या लाल विटांच्या चाळी कंपनीच्या, शाळा कंपनीच्या, दवाखाना कंपनीचा, चर्चसुद्धा कंपनीने बांधलेले. फेलिक्स बोलार हे त्या कंपनीचे व्यापार विभागाचे संचालक होते. जागतिक मंदीच्या काळात ज्यांच्या हाताला काम नव्हते, अशा खाणकामगारांना लावून कंपनीने एक मैदान उभारले आणि १९३३ मध्ये ते बोलार यांच्या नावाने खुले केले. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, क्लब व्यावसायिक झाला आणि कंपनीच्या छत्राखाली गेला. १९३७ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून तो पहिल्या श्रेणीत आला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, फ्रान्सने कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. तेव्हापासून खासगी कंपनीच्या जागी सरकारी कोळसा मंडळ आले, पण क्लबच्या दृष्टीने धनी बदलला, व्यवस्था तीच राहिली. खेळाडूंना खाणीच्या पटावर घेऊन जमिनीवरची हलकी कामे देणे आणि उरलेला वेळ सरावाला मोकळा ठेवणे, हे बराच काळ चालले. आपल्याकडे गोदी, बँका आणि कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन संघ बांधले, त्याच जातीची ही सोय होती.

या काळात क्लब चांगला होता, थोर नव्हता. १९४८ मध्ये फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात शेजारच्या लीलकडून ३-२ असा पराभव झाला. १९५६ आणि १९५७ मध्ये साखळी स्पर्धेत लागोपाठ दुसरा क्रमांक मिळाला. पुढे तेल आणि आयात कोळसा स्वस्त झाले, खाणी एकामागून एक मिटू लागल्या, १९६८ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि १९६९ मध्ये कोळसा मंडळाने पैसा बंद केला. क्लबने व्यावसायिक दर्जा सोडला. आपला खरा प्रश्न इथून सुरू होतो, पण संघात कोण कोण होते, हे आधी दुसऱ्या कोणी तरी लिहावे. माझ्यापेक्षा त्यात अधिक गती असलेले लोक इथे आहेत.

साखळीचा वाचक यांचे उत्तर

संघाच्या घडणीविषयी मी लिहितो, कारण या क्लबाचा सर्वांत भरीव भाग मला तोच वाटतो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सची तरुण पिढी कापली गेली आणि मोडलेल्या खाणी उपसून पुन्हा चालवायला माणसे उरली नाहीत. सप्टेंबर १९१९ मध्ये फ्रान्स आणि पोलंड यांच्यात मजूर भरतीचा करार झाला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत लाखो पोलिश लोक फ्रान्सला आले. १९३१च्या सुमारास फ्रान्समध्ये सुमारे ५ लाख पोलिश होते, आणि त्यांचा मोठा गठ्ठा याच कोळसा खोऱ्यात होता. काही थेट पोलंडमधून आले, तर काही जर्मनीतल्या रुर भागातील खाणींत आधीच मुरलेले होते. त्यांच्या स्वतंत्र चाळी, स्वतंत्र पाद्री, स्वतंत्र दुकाने आणि स्वतंत्र वाद्यवृंद होते. मंदी आली तेव्हा याच लोकांना, अनेकदा कुटुंबासह आणि थोडक्या अवधीत, आगगाडीत बसवून परत पाठवण्यात आले. म्हणजे ज्या वर्षांत मैदान बांधून पूर्ण झाले आणि क्लब व्यावसायिक झाला, त्याच वर्षांत स्टेशनावरून या गाड्या सुटत होत्या. त्या मैदानाचे कौतुक करताना हे विसरू नये असे मला वाटते.

जे राहिले, त्यांच्या मुलांनी हा संघ घडवला. 'स्तानिस' या नावाने ओळखला जाणारा स्तेफान डेंबिकी घ्या. १३ डिसेंबर १९४२ रोजी फ्रेंच चषकात ओबी गावच्या संघाविरुद्ध लाँसने ३२-० असा विजय मिळवला, त्यात १६ गोल एकट्या स्तानिसचे होते. समोरचा संघ कच्चा होता आणि काळ युद्धाचा होता, त्यामुळे त्या आकड्यावर फार उड्या मारण्यात अर्थ नाही, पण खाणीतल्या चाळींत ते नाव किती वर्षे घोळले असेल, याची कल्पना करता येते. पन्नासच्या दशकात उजव्या बगलेवर मारियान विस्नियेस्की आला, जो १९५८च्या विश्वचषकात फ्रान्सकडून खेळला. आर्नोल्ड सोविन्स्की आधी गोलरक्षक होता आणि पुढे प्रशिक्षक झाला. साठच्या दशकात जॉर्ज लेक आला. यांतले बहुतेक या खोऱ्यातच वाढलेले, घरी पोलिश आणि मैदानावर फ्रेंच बोलणारे.

पण केवळ पोलिशांचा क्लब म्हटले तरी चित्र अपुरे राहील. बोलार मैदानाच्या प्रेक्षक-कक्षांची नावे पाहा. सर्वांत गर्जणारे पाठीराखे इतरत्र गोलपोस्टच्या मागे असतात. इथे ते मैदानाच्या लांब बाजूला, मध्यभागी बसतात, आणि त्या कक्षाचे नाव मारेक. आंतोन मारेक हा मूळचा ऑस्ट्रियाचा, आधी खेळाडू, मग प्रशिक्षक. दुसऱ्या एका कक्षाचे नाव झेर्सेस. झेर्सेस लुई हा मार्तिनिक बेटावर जन्मलेला, कृष्णवर्णीय, पन्नासच्या दशकात लाँसकडून आणि फ्रान्सकडूनही खेळलेला. मैदानालगतच्या रस्त्याला कॅमेरूनच्या मार्क-व्हिव्हियन फोए याचे नाव आहे. १९९८च्या विजेत्या संघातला हा मधल्या फळीतील खेळाडू जून २००३ मध्ये देशासाठी खेळताना मैदानातच कोसळून गेला, आणि लाँसने त्याचा १७ क्रमांक पुन्हा कोणाला दिला नाही. २००२च्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात सेनेगलने जगज्जेत्या फ्रान्सला १-० असे हरवले. त्या सामन्यातील गोल करणारा पापा बुबा दिओप आणि चेंडू घेऊन धावलेला एल हाजी दिऊफ हे दोघेही तेव्हा लाँसचेच खेळाडू होते. अलीकडे प्शेमिस्वाव्ह फ्रँकोव्स्की येऊन गेला, तोही पोलंडचा, पण आता कराराने आणि विमानाने आलेला.

वास्कोची जुनी गॅलरी यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण मला त्यांत कंपनीविषयी जरा जास्तच मऊपणा दिसतो. खाण कंपनीने फुटबॉल दिला तो काही उदार होऊन नव्हे. रविवारी मैदानावर असलेला कामगार संघटनेच्या सभेत नसतो, हा हिशोब त्या काळच्या सगळ्याच मालकांना कळत होता. घर, दवाखाना आणि करमणूक एकाच हातात असली की नोकरी सोडताना माणसाला तिन्ही सोडावी लागतात. त्यामुळे १९६९ मध्ये कोळसा मंडळ निघून गेले, हे क्लबवर आलेले संकट होते तसेच ते त्याला मिळालेले स्वातंत्र्यही होते, असे माझे मत आहे. ते ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढच्या आठ वर्षांचा इतिहास पाहावा.

क्लब हौशी झाल्यावर तो बंदच पडला असता. त्याला सावरले ते नगरपालिकेने. आंद्रे देलेलिस हे १९६६ पासून १९९८ पर्यंत लाँसचे महापौर होते, समाजवादी पक्षाचे, आणि पुढे फ्रान्सच्या मंत्रिमंडळातही गेले. त्यांनी क्लबला नगरपालिकेचा आधार दिला, पाठीराख्यांच्या मंडळांना कामाला लावले आणि सत्तरच्या दशकात कोळसा मंडळाकडून ते मैदान नाममात्र एका फ्रँकला शहराच्या नावावर करून घेतले. यातले शेवटचे काम माझ्या मते सर्वांत मोलाचे. संघ पुन्हा उभा करता येतो. मैदान एकदा बिल्डरच्या हाती गेले की गेले. २०१२ मध्ये देलेलिस वारले, तेव्हा मैदानाच्या नावात बोलार यांच्या पुढे त्यांचेही नाव जोडले गेले. आज त्याला बोलार-देलेलिस म्हणतात, म्हणजे कंपनीचा संचालक आणि समाजवादी महापौर एकाच पाटीवर आहेत.

मैदानातला खेळही तोवर उभा राहिला. पोलंडमधून एउगेनिउश फाबेर आणि रिशार्ड ग्झेगोर्चिक हे दोन मुरलेले आंतरराष्ट्रीय खेळाडू आले, सोविन्स्की प्रशिक्षक होता, आणि १९७३ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत परतला. २७ डिसेंबर १९७४ रोजी शेजारच्या लिएव्हँ येथील खाणीत ४२ कामगार मेले. त्यानंतर काही महिन्यांनी, १९७५ मध्ये, लाँस चषकाच्या अंतिम सामन्यात होता. तिथे सँ-एतिएनने त्यांना २-० असे हरवले. १९७७ मध्ये साखळीत दुसरा क्रमांक आला. त्याच वर्षी युरोपीय स्पर्धेत रोमच्या लात्सिओकडून त्यांच्या मैदानावर २-० असा मार खाऊन आल्यावर घरच्या सामन्यात अतिरिक्त वेळेपर्यंत झुंजून लाँसने त्यांना ६-० असे उडवले. ज्या संघाला आठ वर्षांपूर्वी पगार द्यायला कोणी नव्हते, त्याने हे केले.

आता गोव्याविषयी. २०१६ मध्ये आपले क्लब बाहेर पडले ते केवळ खाणी थांबल्या म्हणून, असे म्हणणे बरोबर नाही. राष्ट्रीय महासंघ नव्या इंडियन सुपर लीगला वरचे स्थान देऊन आय-लीगला खाली ढकलत होता, आणि मैदानावर जिंकूनही वर जाण्याचा मार्ग उरत नसेल तर खर्च कशासाठी करायचा, हा त्या क्लबांचा जाहीर आक्षेप होता. धेंपोने राष्ट्रीय साखळी पाच वेळा जिंकली, साळगावकरने दोनदा. अशा क्लबांना तो अपमान वाटला तर नवल नाही. खाणबंदीने खिसा हलका केला असेल, पण दार बंद केले ते दुसऱ्यांनी. पुढे २०२४-२५च्या हंगामात धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला, हेही नोंदवून ठेवतो.

खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. लाँसमध्ये कंपनी गेली तेव्हा मागे एक शहर होते, ज्याला हा एकच क्लब होता. आपले कंपनी-क्लब कोणत्याही एका गावाचे कधी झालेच नाहीत. कार्यालय पणजीला, सामना फातोर्ड्याला, खाण डिचोलीला आणि खेळाडू सासष्टीचे. वास्कोच्या टिळक मैदानावर मी साळगावकरच्या बाजूने ओरडायचो आणि माझ्या शेजारचा चर्चिल ब्रदर्सच्या, दोघेही मुरगावचेच. ज्या दिवशी कंपनी उठली, त्या दिवशी 'हा आमचा क्लब' म्हणून पुढे यायला कोणत्या नगरपालिकेने यावे?

डिचोलीकर

तिघांचेही मनापासून आभार. मारेक आणि झेर्सेस या नावांचा उलगडा मला कुठेच मिळाला नव्हता. आता दोन शंका उरतात. पहिली, आज या क्लबाचा मालक कोण, कारण एवढे ऐकल्यावर तो नगरपालिकेचा असावा असे वाटू लागले आहे. दुसरी, रेमों कोपा हा त्याच खोऱ्यातला पोलिश खाणकामगाराचा मुलगा असल्याचे वाचले होते, पण वरच्या नावांत तो कुठे दिसत नाही.

फातोर्ड्याचा प्रेक्षक

नगरपालिकेचा मुळीच नाही, आणि इथून पुढची कथा तितकी गोड नाही.

१९८८ मध्ये जेर्व्हे मार्तेल हा स्थानिक उद्योजक अध्यक्ष झाला आणि जवळजवळ पाव शतक राहिला. त्याच्या काळात १९९८चे विजेतेपद आले, जे क्लबचे आजवरचे एकमेव. प्रशिक्षक दानिएल लेक्लेर हा सत्तरच्या दशकातील संघाचाच जुना बचावपटू. गोलरक्षक वार्म्यूझ, कर्णधार वालेम, मधल्या फळीत फोए आणि झियानी, पुढे श्मित्सर, वेरेल आणि द्रोबन्याक. ९ मे १९९८ रोजी शेवटच्या सामन्यात ओसेरविरुद्ध मागे पडलेले असताना योआन लाशोर या क्लबच्याच प्रशिक्षण केंद्रातील पोराने बरोबरी साधली. लाँस आणि मेस या दोघांचेही ६८ गुण झाले आणि गोलफरकावर लाँस विजेता ठरला. त्याच वर्षी चषकाचा अंतिम सामना मात्र पॅरिसने २-१ असा जिंकला. नोव्हेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये लाँसने वेंब्लीवर आर्सेनलला १-० असे हरवले, आणि १९९९ मध्ये लीग चषकही आला. २००२ मध्ये शेवटच्या दिवशी लियोंमध्ये बरोबरी पुरली असती, तिथे ३-१ असा पराभव पत्करून विजेतेपद घालवले. मला विचाराल तर क्लबची घसरण त्या संध्याकाळी सुरू झाली, जरी ती ताळेबंदात दिसायला आणखी काही वर्षे लागली.

२००८ मध्ये संघ खाली गेला, वर आला, २०११ मध्ये पुन्हा खाली गेला. त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षण केंद्रातून निघालेला १८ वर्षांचा राफाएल व्हरान रेआल माद्रिदला विकावा लागला. मग २०१३ मध्ये हाफिझ मामादोव्ह नावाचा अझरबैजानी गुंतवणूकदार आला, त्याने मोठे आकडे बोलून दाखवले आणि वर्षभरात पैसे येणे थांबले. २०१४ मध्ये मैदानावर बढती मिळवलेल्या संघाला फ्रेंच फुटबॉलच्या आर्थिक नियंत्रण मंडळाने आधी परवानगीच नाकारली. शेवटी ती मिळाली, पण नव्या खेळाडूंची भरती बंद, आणि युरो २०१६साठी बोलारचे काम निघाल्यामुळे घरचे सामने अमिएँ आणि पॅरिसजवळच्या राष्ट्रीय मैदानावर. संघ तळाला राहून परत गेला, यात आश्चर्य ते काय. २०१६ पासून सूत्रे जोसेफ ऊगूर्लियान या वित्त व्यावसायिकाकडे आहेत, ज्याचा धंदा गुंतवणूक निधी चालवण्याचा आहे. म्हणजे वास्कोच्या गॅलरीने ज्याला शहराचा क्लब म्हटले, तो कागदावर एका गुंतवणूकदाराचा आहे. निभावते ते इतक्यासाठीच की, दुसऱ्या श्रेणीत असतानाही बोलारवर जेवढी माणसे येत, तेवढी पहिल्या श्रेणीतल्या अनेक क्लबांना मिळत नसत, आणि कोणताही मालक तो प्रेक्षक दुसरीकडे उचलून नेऊ शकत नाही.

२०२२-२३चा संघही याच हिशोबातून आला. फ्रँक एझ हा आधी राखीव संघाचा प्रशिक्षक होता. २०२० मध्ये मुख्य संघ त्याच्याकडे आला, त्या वर्षी बढती मिळाली आणि पुढचे दोन्ही हंगाम सातव्या क्रमांकावर गेले. तिसऱ्या हंगामात ८४ गुण, पॅरिसचे ८५, आणि १ जानेवारीला त्याच पॅरिसवर घरच्या मैदानात ३-१ असा विजय. पण उन्हाळा लागताच कर्णधार फोफाना सौदी अरेबियाला गेला, २१ गोल करणारा ओपेंडा लाइपझिगला गेला. चॅम्पियन्स लीगमध्ये ऑक्टोबरला आर्सेनलला घरी २-१ असे हरवणारा संघ नोव्हेंबरच्या अखेरीस लंडनला ६-० असा लोळला. विकून खाणाऱ्या क्लबाचे हे असेच चालते.

साखळीचा वाचक

कोपाविषयी. तो लाँसपासून जवळच्या न्यो-ले-मीन गावचा, खरे आडनाव कोपाशेव्स्की. वीजतंत्री होण्याची त्याची इच्छा होती, पण खाणकामगाराच्या पोलिश मुलाला तसे काम मिळेना, म्हणून लहान वयातच तो कोळशाच्या खाणीत उतरला आणि तिथल्या अपघातात डाव्या हाताच्या बोटांना कायमची इजा झाली. लाँसकडून तो कधी खेळला नाही. १९४९ मध्ये तरुण खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आल्यावर त्याला आँजे क्लबने घेतले, तिथून १९५१ मध्ये तो रीम्सला आणि १९५६ मध्ये रेआल माद्रिदला गेला, आणि १९५८ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीच्या विश्वचषकात फ्रान्सच्या आघाडीच्या फळीत तो आणि लाँसचा विस्नियेस्की एकत्र खेळले, आणि जुस्त फाँतेनच्या ज्या १३ गोलांची आजही चर्चा होते, त्यांना चेंडू पुरवणाऱ्यांत हे दोघे खाण-चाळीतले होते.